एकाने ‘नको’ म्हटलं की विषय संपला

प्रश्न: दादा, आम्ही चौघं मित्र बरीच वर्षं लिफ्टवाल्या स्लोपवर स्की करतोय, यंदा पहिल्यांदाच बॅककंट्रीला, म्हणजे लिफ्ट नसलेल्या मोकळ्या डोंगरात, गेलो. दुसऱ्या दिवशी वर चढताना बर्फातून ‘धुप्प’ असा दबका आवाज आला आणि पायाखालची जमीन बोटभर खचल्यासारखी वाटली. माझी जाम टरकली होती, पण बाकीचे तिघं हसत पुढे निघाले म्हणून मीपण गप्प गेलो. झालं काहीच नाही. बीकन (गाडलेल्याला शोधायचा सिग्नल देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी), फावडं सगळं आहे आमच्याकडे. मी उगाच घाबरतोय का?

उत्तर: अजिबात उगाच नाही, उलट त्या चौघांत त्या क्षणी तुझंच डोकं ठिकाणावर होतं. तो आवाज म्हणजे काय सांगतो. बर्फ एकसंध नसतो, थरावर थर असतात, आणि कधीकधी खाली साखरेसारख्या सुट्या रवाळ दाण्यांचा कच्चा थर राहतो आणि त्यावर वाऱ्याने दाबून बसवलेला घट्ट बर्फ. तुमच्या वजनाने तो खालचा थर बसला, आतली हवा निघाली, आवाज आला. तेवढंच झालं कारण बहुतेक उतार कमी होता. 30 ते 45 अंशांच्या उतारावर असतात तर वरची अख्खी लादी सुटून खाली येऊ शकली असती. आणि गंमत (खरं तर गंमत नाही) अशी की तुम्ही सपाटीवर असलात तरी हा धक्का पसरत जाऊन वरचा तीव्र उतार सुटू शकतो. त्यामुळे धुप्प ऐकलं की त्या दिवसापुरते तीव्र उतार बंद, त्यांच्या पायथ्याशी रेंगाळणंसुद्धा बंद.

सामानाबद्दल. बीकन हिमस्खलन थांबवत नाही रे, गाडला गेल्यावर शोधायला असतो. पूर्ण गाडलेल्या माणसाकडे साधारण 10-15 मिनिटं असतात, पुढे जगण्याची शक्यता झपाट्याने घसरते, आणि त्यातला जास्त वेळ शोधण्यात नाही, खणण्यात जातो. थांबलेला बर्फ कडक होऊन बसतो, हाताने उकरता येत नाही. शिवाय काही जण गुदमरण्याआधीच झाडा-खडकांवर आपटून जातात, तिथे बीकन काय करणार? आणि हो, मोबाईल बीकनला चिकटून ठेवू नका, एरवी निदान 20 सेंमी लांब, शोधताना 50.

आता खरा मुद्दा, तुझं गप्प राहणं. जीवघेण्या हिमस्खलनांत दहातल्या जवळपास नऊ वेळा ट्रिगर, म्हणजे बर्फ सोडवणारं, सापडलेला माणूस स्वतः किंवा त्याच्याच ग्रुपमधलं कोणीतरी असतं. इयन मॅकॅमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने 700 हून जास्त अपघात तपासले तेव्हा त्यांना दिसलं की धोक्याच्या खुणा समोर असतानाही लोक पुढे जातात, कारण जागा ओळखीची असते, कोणीतरी आधी जाऊन आलेलं असतं, किंवा ग्रुपमधला अनुभवी म्हणतो चल. तुमच्याकडे तेच झालं, फक्त निकाल बरा लागला, आणि काहीच झालं नाही म्हणजे निर्णय बरोबर होता असं होत नाही.

म्हणून पुढच्या वेळी निघायच्या आधी, बूट घालतानाच ठरवा की चौघांपैकी एकाने जरी ‘नको’ म्हटलं तरी परत फिरायचं, कारण विचारायचं नाही, चिडवायचं तर मुळीच नाही. मत विचारताना सगळ्यात नवख्याला आधी बोलू द्या, अनुभवी शेवटी. परत फिरायची वेळ घड्याळात ठरवा, शिखर ‘अगदी जवळ’ दिसलं तरी. उतरताना एकेक जण, बाकीचे बाजूला सुरक्षित जागी उभं राहून नजर ठेवणार. हे मान्य नसेल त्या मित्राबरोबर लिफ्टवाल्या स्लोपवरच जा, मैत्री तिथेही टिकते.

प्रश्न: स्किन्स (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला चिकटवायचं केसाळ कापड) पहिल्या चढाला मस्त चिकटतात, दुसऱ्या फेरीला टोकापासून सुटायला लागतात. डिंक गेला का?

उत्तर: बहुतेक बर्फ गेलाय आत. काढल्यावर बॅगेत कोंबतोस ना? जॅकेटच्या आत पोटाशी ठेव, ऊब राहिली की डिंक पकडतो. लावायच्या आधी स्कीचा तळ कोरडा पूस आणि डिंकावरचा बर्फ स्कीच्या कडेने खरवडून काढ. पूर्वी हे सीलच्या कातड्याचे असायचे, आता मोहेर (अंगोरा बोकडाची लोकर) नाहीतर नायलॉन, पण ओला झाला की डिंक नीट धरत नाही. सोबत एक-दोन पट्टे ठेव, मधोमध आवळून बांधलं की निदान वर पोचशील.