पिवळी पिन, हिरवं सॉकेट

प्रश्न : घरात जुना व्हीसीआर आणि आईच्या आवाजातल्या काही व्हीएचएस कॅसेट आहेत. नव्या टीव्हीला पिवळं सॉकेट नाही. पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्ये घातली तर चित्र येतं, पण कृष्णधवल. 'एव्ही' लिहिलेल्या बारीक छिद्रात वेगळी केबल लावली, तर चित्र नाही, नुसती घरघर. व्हीसीआर बिघडला का?

उत्तर : नाही. चित्र येतंय, म्हणजे व्हीसीआर आपलं काम करतोय. पिवळ्या वायरमधून उजेड आणि रंग एकत्र येतात. हिरवं सॉकेट मात्र मुळात फक्त उजेडासाठी असतं, रंग निळ्या आणि लाल सॉकेटमधून येतील असं टीव्ही धरून चालतो. म्हणून चित्र बिनरंगाचं. हिरव्या सॉकेटपाशी 'व्हिडिओ' असंही छापलेलं असेल, तर पिवळी पिन तिथेच राहू द्या आणि रिमोटवरून सोर्स 'कंपोनंट'ऐवजी 'एव्ही' करा. रंग येईल. तसं छापलेलं नसेल तर तिथे खटपट करण्यात अर्थ नाही.

आता घरघर. बारीक जॅकवर चार पट्टे असतात : दोन आवाजाचे, एक चित्राचा, एक अर्थिंगचा. त्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेने गेला की स्पीकर घरघरतो. जॅक तसाच ठेवून व्हीसीआरच्या 'आउट' बाजूच्या पिवळ्या सॉकेटमध्ये केबलची लाल पिन घालून बघा, मग पांढरी. सिग्नल अगदी कमी व्होल्टेजचे असतात, अदलाबदलीने काही जळत नाही. तरीही चित्र आलं नाही, तर अर्थिंगचा पट्टाच वेगळ्या जागी असावा. तेव्हा तुमच्या टीव्हीच्या मॉडेलसाठीची केबलच लागेल.

व्हीसीआरचा सिग्नल टीव्हीच्या एचडीएमआय सॉकेटसाठी बदलून देणारा कन्व्हर्टर घेणार असाल तर दिशा तपासा. तुम्हाला 'एव्ही टू एचडीएमआय' हवा. उलट दिशेचा दिसायला तसाच असतो, पण उपयोगाचा नाही. कन्व्हर्टरला वीजही द्यावी लागते. नुसती तीन पिना ते एचडीएमआय अशी वायर मिळते, ती घेऊ नका.

पण मला काळजी आहे ती कॅसेटची. जोडणी तपासायला आईची कॅसेट वापरू नका, एखादी बिनमहत्त्वाची घाला. आईच्या कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, तर ती मुळीच चालवू नका. बुरशी व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. टेप स्वच्छ असेल तर आधी एकदा शेवटपर्यंत पुढे न्या, मग मागे आणा, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. आणि पहिल्यांदा नीट चालेल तेव्हाच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यासाठी यूएसबी कॅप्चरचं यंत्र थेट व्हीसीआरच्या 'आउट'ला जोडा. टीव्हीच्या एचडीएमआय सॉकेटमधून चित्र बाहेर काढता येत नाही. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि नवी यंत्रं येणं बंद झालं. तेव्हा तुमचा चालू व्हीसीआर कुणाला देऊन टाकू नका, निदान सगळ्या कॅसेट उतरवून होईपर्यंत तरी.