‘कसंतरी होतंय’ याच्या पुढे

प्रिय,

‘काय वाटतंय असं कुणी विचारलं की डोकं कोरं होतं,’ असं तू लिहिलंस. तू दगडी काळजाचं माणूस नाहीस, हे आधी सांगते. या अवस्थेला ‘अ‍ॅलेक्सिथायमिया’ म्हणतात. मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं: भावनेला शब्द नसणं. हा स्वतंत्र आजार मानत नाहीत. साधारण दहात एकाला हा त्रास असतो.

कारण शोधताना पहिला प्रश्न एकच: हे पूर्वीपासून आहे की मध्येच सुरू झालं?

पूर्वीपासून असेल तर घर आठवून बघ. गुडघा फुटलेलं मूल रडत येतं. ‘घाबरलास ना? छातीत धडधडतंय?’ असं विचारणारं कुणी असेल, तर त्या धडधडीला नाव मिळतं. ‘काही झालं नाही, पूस डोळे’ एवढंच ऐकू आलं, तर धडधड राहते आणि नाव मिळत नाही. पण सगळं आईवडिलांच्या माथी मारू नकोस. अनुवंशिकतेचाही वाटा असतो. ऑटिझम असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये हे दिसतं.

मध्येच सुरू झालं असेल तर नैराश्य किंवा मोठा मानसिक आघात तपासायला हवा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही भावना बोथट होतात. तसं वाटलं तर डॉक्टरांना सांग, गोळी मनाने बंद करू नकोस. डोक्याला मार किंवा पक्षाघात यांनंतर बदल झाला असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांनाच गाठ.

अनेकांचा घोळ शरीराच्या खुणांपाशी होतो. आतल्या खुणा मेंदूतला ‘इन्सुला’ हा भाग वाचतो. ते वाचन अंधुक असलं की भूक, थकवा आणि धास्ती सारखीच भासतात. पोटात खड्डा पडलाय, पण जेवायचं राहिलंय की उद्याच्या परीक्षेची भीती आहे, हे कळत नाही.

म्हणून दिवसातून तीनदा, दोन-दोन मिनिटं वही उघड. आधी शरीर लिही: जबडा आवळलाय, तळवे गार आहेत. मग शेवटचं कधी खाल्लं, किती झोप झाली, नुकतंच काय घडलं. भावनेचं नाव सगळ्यात शेवटी. सुचलं नाही तर जागा कोरी सोड. ओढूनताणून ‘राग’ लिहिलंस तर वही खोटी होते. आपल्या भाषेत आणखी एक फसगत आहे: ‘वाटतं’ हा शब्द विचारालाही चालतो. ‘त्याने चूक केली असं वाटतं’ हा विचार झाला. ‘वाटतं’ गाळून बघ: मी हिरमुसले, चिडले, ओशाळले, की नुसतीच हुरहूर आहे?

दोन-तीन आठवड्यांनी ही वही समुपदेशकाकडे घेऊन जा. तिथे वीस विधानांची एक प्रश्नावली भरून घेतील. ६१ किंवा जास्त गुण आले तर अ‍ॅलेक्सिथायमिया धरतात. नैराश्यात हे गुण चढतात, त्यामुळे मन सावरल्यावर ती पुन्हा भरायला माग. जगणंच नको झालं तर मात्र वहीची वाट बघू नकोस, त्याच क्षणी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर.

तुझी,
ताई