गाठ दुखत नाही, मग दाखवायची कशाला?

"स्तनात गाठ आहे, पण दुखत नाही. इन्शुरन्स नाही. काही निघालंच तर पैसे कुठून आणू? त्यापेक्षा न तपासलेलं बरं, नाही का?"

लॉस एंजेलिसमध्ये लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, बायकांचं समुपदेशन करताना हा प्रश्न इतक्यांदा आला की माझं उत्तर पाठच झालं होतं. 2018 च्या शेवटी लुपे (नाव बदललंय) आली तेव्हाही तेच दिलं.

लुपे मेक्सिकोतल्या ओआहाकाची, वय 46, शिवणकामाच्या कारखान्यात कामाला. आंघोळ करताना स्तनात गाठ हाताला लागली, घेवड्याच्या बीएवढी. चार महिने तिने ती अंगावर काढली. सोबत चौदा वर्षांची लेक, दुभाषी म्हणून. मी सांगितलं: 1990 च्या केंद्रीय कायद्यामुळे कमी उत्पन्नाच्या, विमा नसलेल्या बायकांची मॅमोग्राम, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, तपासणी फुकट होते. कॅलिफोर्नियातल्या योजनेचं नाव एव्हरी वुमन काउंट्स, तिच्यात इमिग्रेशनचे कागद मागत नाहीत. लुपे मान हलवत राहिली. उठताना पुटपुटली, "मे दा पेना." माझं स्पॅनिश पुस्तकातलं, पेना म्हणजे दुःख. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, धीर दिला.

तपासणीला ती आलीच नाही.

आमच्या प्रोमोतोराला हे सांगितलं. प्रोमोतोरा म्हणजे त्याच वस्तीत राहून आरोग्याचं काम करणारी बाई, आपल्या आशाताईंसारखी. ती म्हणाली, "अगं, मेक्सिकोत पेना म्हणजे लाज!"

शनिवारी आम्ही दोघी लुपेच्या घरी गेलो. प्रोमोतोराने आधी लेकीला दुकानात पिटाळलं आणि स्वतः तोर्तिया लाटायला बसली. मग लुपे बोलली. नवऱ्याखेरीज कुणासमोर कधी अंग उघडं केलेलं नाही, मशीनवर पुरुष असला तर? आणि हे पोरीच्या तोंडून कसं विचारायचं? पैशाची भीतीही खोटी नव्हती. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल अशा नियमाचा मसुदा त्याच ऑक्टोबरात निघाला होता, वस्ती धास्तावलेली होती. पण पाय अडला होता लाजेत, आणि लेकीला मध्ये बसवून तिचं तोंड मीच बंद केलं होतं. मुलांना दुभाषी करू नका, हे मी आता प्रत्येक दवाखान्यात भांडून सांगते.

प्रोमोतोराने मक्याच्या पिठाचा गोळा दोन ताटल्यांमध्ये हलकेच दाबला. "एवढंच. काही सेकंद. मशीनवर बाईच असते, तरी मी फोन करून विचारते. त्या दिवशी डिओडरंट लावू नकोस, फोटोत पांढरे ठिपके दिसतात." मंगळवारी ती लुपेबरोबर बसने गेली.

हाच प्रश्न मनात असेल तर ऐका. न दुखणारी गाठ म्हणजे बिनधोक गाठ नव्हे. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते हाताने चाचपून कळत नाही. 40 ते 74 वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राम सुचवतात तो काही त्रास नसलेल्यांसाठी. गाठ लागली तर वय कितीही असो, लगेच दाखवायची. कॅन्सर निघालाच तर उपचारासाठी वेगळी योजना असते. तिचे नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज भरताना प्रोमोतोराला शेजारी बसवा.

लुपेची गाठ सोनोग्राफीत पाण्याची निघाली. दोन महिन्यांनी तिचा फोन आला, माझ्यासाठी नव्हे, प्रोमोतोरासाठी: "पुढच्या वेळी मशीनवर तीच बाई असेल ना?"