बाळाच्या अंगावर वरण सांडेल

साडेचार वर्षांची मुलगी चार दिवस वरणभात खात नव्हती. कोरडी पोळी चालायची, बिस्किटं चालायची; पातळ काही पुढे आलं की तोंड घट्ट मिटायचं. पण तिची आई माझ्याकडे सल्ला विचारायला आली ती यासाठी नव्हे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आईला सातवा महिना लागलेला. दादरला लोकलच्या लेडीज डब्यात चढल्या चढल्या लेकीने खणखणीत आवाजात विचारलं होतं, "आई, बाळ शूच्या जागेतून येणार की शीच्या?" सगळा डबा वळून बघायला लागला. आईने दंडाला चिमटा काढला, आणि पोर उतरेपर्यंत हुंदके देत राहिली.

"मॅडम, हे विचारायचं वय आहे का? मोबाईलवर काही बघितलं असेल? की कोणी शिकवलं?"

हेच वय आहे, मी म्हटलं. तीन ते सहा वर्षांची मुलं ढग कुठून येतात हे ज्या सहजतेने विचारतात, त्याच सहजतेने हेही विचारतात. त्यांच्या मनात लाज नसते, ती आपण घालतो. काळजी कधी करायची? मोठ्यांच्या संबंधांचे बारकावे मूल सांगायला लागलं, दुसऱ्या मुलावर जबरदस्ती करू लागलं, एखाद्या माणसाला किंवा जागेला अचानक घाबरू लागलं, तर. यातलं इथे काही नव्हतं.

मग मी मुलीशी बोलले. वरण का नको, विचारलं. ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "मावशी, बाळ पोटात आहे ना? आईने वरण खाल्लं की त्याच्या अंगावर सांडतं. मग मीपण नाही खात."

चार दिवस ही एवढीशी मुलगी आपल्या भावंडाला गरम वरणापासून वाचवत होती! घरात सगळे तिला "बाळ पोटात आहे" एवढंच सांगत होते, आणि पोट म्हणजे जेवण जातं ती जागा, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी कागदावर दोन पिशव्या काढल्या. एक जेवणाची, दुसरी बाळाची, तिचं नाव गर्भाशय. पहिलीतलं दुसरीत जात नाही. बाळाला खाऊ नाळेतून मिळतो. ती नाळ तुझीही होती, बेंबी त्याचीच खूण. तिने लगेच फ्रॉक वर करून बेंबी तपासली. आणि बाळ येतं ते शूच्याही नाही, शीच्याही नाही. त्या दोन्हींच्या मधे तिसरी वाट असते, तिला योनी म्हणतात. कधी डॉक्टर पोटावर कापून बाळ काढतात. आत कसं गेलं, हे तिने विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर आईचं एक बीज आणि बाबांचं एक बीज एकत्र येतं, एवढं या वयाला पुरलं असतं.

"योनी" ऐकून आईने दाराकडे पाहिलं. त्यांच्या घरात त्या अवयवाला "शेम शेम" म्हणत. या एका शब्दाचा मला फार राग येतो. ज्या जागेचं नावच लाज, तिथे कोणी हात लावला तर मूल कोणत्या तोंडाने सांगणार? २०१२ साली मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा आला, मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, पण तिथवर पोचायला मुलाकडे आधी शब्द हवा. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं उलटली, तरी आपण घरात अवयवाचं नाव घ्यायला कचरतो.

आजीला हे कसं पटवायचं, ही आईची पुढची धास्ती. पुढच्या खेपेला आजीच आल्या. म्हणाल्या, "आमच्या गावाला गाय व्यायची तेव्हा आम्ही पोरं गोठ्यातच उभी असायचो. कोणी हाकललं नाही. इथे एका खोलीत राहून सगळं लपवायचं कशाला?"

मुलगी तेव्हा आजीच्या मांडीवर होती. डब्यातला वरणभात हाताला लागून वाळला होता. तिला नवाच प्रश्न पडला होता: "त्या पिशवीत लाईट आहे का?"

नाही, अंधार असतो, मी सांगितलं. पण आता बाळाला आवाज ऐकू येतो.

ती उठली, आईच्या पोटाला तोंड लावलं आणि ओरडली, "वरण तुझ्यावर पडत नाही!"