आधी कराराची सगळी पानं मागवा

दापोलीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय, असे बरेच येतात. त्यांनी कादंबरी लिहिलीय, पुण्याच्या कॉलेजातली पैसेवाल्या घरची पाच पोरं हर्णैच्या बंगल्यावर येतात, एकाचा खून होतो, पुढे पोलीस तपास कमी आणि उरलेल्या चौघांच्या डोक्यात काय चाललंय तेच जास्त. दोन वर्षांपूर्वी प्रकाशकाशी करार झाला, पुस्तक काही निघालं नाही, आता दुसरा प्रकाशक तयार आहे, तर देऊ का?

ताई, सगळं अडलंय ते कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९(४) वर. ज्यानं हक्क लिहून घेतले त्यानं करारापासून एका वर्षात ते वापरलेच नाहीत तर ते आपोआप तुमच्याकडे परत येतात, मात्र करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तरच. आणि तुमच्याकडे काय आहे, तर शेवटच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो, दोन सह्या आणि वर अर्धं कापलेलं कलम ११. अहो, आंब्याच्या पेट्या गाडीत चढवताना आपण पावती घेतो आणि इतकी वर्षं खपून लिहिलेल्या कादंबरीच्या कराराची कॉपी घेतली नाही, वाचलाही नाही?

आजच ईमेल करा, पूर्ण कराराची कॉपी मागा आणि छपाई कुठवर आली ते विचारा. फोनवर 'पावसाळ्यानंतर बघू' ऐकून घेऊ नका, दोन वर्षं त्यातच गेली. वर्षाची अट लागू नाही असं स्पष्ट लिहिलेलं निघालं तर अडकलात. नुसती 'मुदत पाच वर्षं' असेल तर भांडायला जागा आहे, खात्री मात्र देत नाही. ॲडव्हान्स परत करायचा का, तेही करार बघूनच सांगता येईल.

तसं काहीच नसेल तर हक्क परत आले अशी नोटीस स्पीड पोस्टनं पाठवा, पोचपावती जपून ठेवा. त्याआधी नव्या करारावर सही नको, कारण त्यात 'हक्क दुसऱ्या कुणाला दिलेले नाहीत' अशी हमी तुमच्याकडून घेतील आणि जुना प्रकाशक उभा राहिला तर भरपाई तुमच्या गळ्यात. दावा बहुतेक रत्नागिरीतही लावता येईल, पण तारखा पडत राहतात, तोवर नवा प्रकाशक थांबणार नाही. म्हणून म्हणतो, ईमेल आजच जाऊ दे.