वाक्यावर बोट ठेवायला लाव

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मुलं धडा वाचतात, पण प्रश्न काढा म्हटलं की स्वाध्यायातलेच प्रश्न उलटसुलट करून आणतात, असं लिहिलंयस. साहजिक आहे. आजवर त्यांनी परीक्षेतलाच प्रश्न पाहिलाय, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं.

अख्खा धडा घेऊ नकोस. एकच परिच्छेद घे, तोही त्यांच्या गावचा. समजा, आपल्या गोव्यातल्या खाजन शेतीचा. खाडीकाठी बांध घालून खारं पाणी अडवतात. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाण्याची वाट उघडमीट करणाऱ्या मोरीची, दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. पावसाळ्यात तिथे खारेपणा सोसणारं कोरगुट भात पिकतं. एवढंच वाचू दे.

'मानस म्हणजे काय?' हा प्रश्न आधी येईल. त्याला कमी लेखू नकोस. मग सांग, जिथे अडलात त्या वाक्यावर बोट ठेवा. माझ्या मते याहून कामाची सवय नाही. 'बांध घालतात' यावर बोट आलं की कुणीतरी विचारतंच, कोण घालतात? बांध फुटला तर खर्च कुणाचा? मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते, ते पैसे कुठे जातात? परिच्छेद यावर गप्प आहे, हे मुलांना स्वतःहून दिसायला हवं. इथे तू उत्तर देऊन टाकलंस तर सगळं मुसळ केरात! प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात राहू दे, मुलं घरी, शेतावर विचारून येतील.

मोठ्या वर्गाला १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल दे. महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ मतं, बाजूने १,३८,१७०. बहुतेक पुस्तकं निकाल सांगून पुढे जातात. त्या दुसऱ्या आकड्यापाशी थांब. ही माणसं कोण होती, कुठल्या तालुक्यांतली, त्यांना काय हवं होतं? विलीनीकरण नको म्हणून दोन पानांवर शिक्का मारलेले आणि हवं म्हणून फुलावर मारलेले, दोन्हीकडचे आजी-आजोबा तुझ्या वर्गातल्या घरांत असतील. वाद होईल, होऊ दे. फक्त 'हे तुला कशावरून कळलं?' एवढं प्रत्येकाला विचारत राहा, हुशार मुलांना तर जास्तच.

पुढच्या पत्रात मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत पाठव. शुद्धलेखन सुधारू नकोस.