वाचक विचारतात : आझाद व्हिसावर दिराला सौदीला पाठवू का?

प्रश्न : ताई, आम्ही ऐरोलीला राहतो. धाकटा दीर दहावीनंतर आयटीआय करून एसी रिपेअरिंगची कामं करतो, उन्हाळ्यात फुरसत नसते आणि पावसाळ्यात बसून असतो. वाशीत एकजण आहे, ऑफिस नाही, स्टेशनबाहेर भेटतो, तो म्हणतो दीड लाखात सौदीचा आझाद व्हिसा देतो, कोणाच्या हाताखाली राहायचं नाही, पाहिजे तिथे काम करायचं. पण व्हिसावर हाऊस ड्रायव्हर आहे, आणि भाऊजींना स्कूटरशिवाय काही चालवता येत नाही. तो म्हणतो ते नावापुरतं असतं. सासूबाई पाटल्या मोडायला निघाल्यात. काय करू?

उत्तर : वहिनी, आधी सासूबाईंना थांबवा, पाटल्या अजिबात मोडू देऊ नका.

आझाद व्हिसा असा काही प्रकार सौदीच्या कायद्यात नाहीये. तिथला एखादा माणूस घरी ड्रायव्हर पाहिजे म्हणून सरकारकडून व्हिसा घेतो, त्याला ड्रायव्हर नकोच असतो, तो व्हिसा तिथल्या दलालाला विकतो, तो इथल्याला विकतो, मधे जेवढे हात तेवढा नफा आणि सगळा भरणार तुमचा दीर. पोचल्यावर व्हिसा काढणारा हा माणूस, म्हणजे कफील, इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना काढून देतो आणि म्हणतो जा, काम शोध, पण वर्षाला रिन्यूअलच्या वेळी माझे पैसे आणून दे. म्हणजे दीड लाखावर हे संपत नाही.

आता हाऊस ड्रायव्हरच का, तर तिथे कंपनीच्या नावावर परदेशी माणूस ठेवला की बऱ्याच कंपन्यांना २०२० पासून माणसामागे महिन्याला ७००-८०० रियाल लेव्ही, म्हणजे सरकारी कर, भरावी लागते, घरकामाच्या व्हिसाला ती एरवी लागत नाही. दुसरं कारण म्हणजे एसी टेक्निशियनच्या व्हिसासाठी तकामोल या सौदी संस्थेची स्किल टेस्ट इथे भारतातच द्यावी लागते, ती या माणसाला टाळायचीय. पण व्हिसावरच्या 'हाऊस ड्रायव्हर' या शब्दाने भाऊजींचं सगळं नुकसान होतं. २०२१ मध्ये सौदीने कामगारांना मालकाला न विचारता नोकरी बदलायची मुभा दिली, एजंट लोक तेच ऐकवतात की आता कफाला, म्हणजे कफीलच्या ताब्यात राहायची पद्धत, उठली म्हणून, पण त्यातून घरकामगार आणि खाजगी ड्रायव्हर वगळले होते हे कोणी सांगत नाही. उद्या रियाधला कोणाच्या दुकानात एसी खोलून बसलेले असताना पकडले गेले तर ५० हजार रियालपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत जेल, वर डिपोर्ट. दुकानवाल्याने तीन महिने पगार नाही दिला तर तक्रार कशी करणार, कागदावर तो मालकच नाही. आणि कफीलशी बिनसलं तर तो हुरूब टाकतो, म्हणजे माणूस पळून गेला अशी नोंद, मग काम करता येत नाही आणि सरळ घरीही येता येत नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, पैसे देऊन गेलेला माणूस कागदावर पळपुटा ठरतो.

अजून एक. भाऊजी दहावी पास, म्हणजे पासपोर्ट नॉन-ईसीआर, त्यामुळे एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे परदेशी कामाला जायची सरकारी परवानगी, लागत नाही आणि एजंट म्हणतो बघा सगळं क्लिअर आहे. त्याचा अर्थ इतकाच की त्यांचा करार सरकारने बघितलेलाच नाही. एजंटला लायसन्स मात्र लागतंच, १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे तसा, आणि फी ३० हजार अधिक जीएसटी, त्यापेक्षा जास्त नाही, तीही पावती देऊन. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर लायसन्सवाल्यांची यादी आहे, त्यात या माणसाचं नाव शोधा. नसेल तर बीकेसीच्या विदेश भवनात प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याचं ऑफिस आहे, तिथे लेखी तक्रार द्या, व्हिसाचा फोटो आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज जोडा.

भाऊजींना जायचंच असेल तर जाऊ द्या, हातात कला आहे. टेस्ट देऊन, लायसन्सवाल्याकडून, व्हिसावर एसी टेक्निशियन आणि कंपनीचं नाव बघून.

प्रश्न : मुलगा कुवेतला आहे. पासपोर्ट मालकाने ठेवलाय, रेसिडेन्सी रिन्यू करायला पैसे मागतोय. मी मुंब्र्यात बसून काय करू शकतो?

उत्तर : काका, बरंच करू शकता. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाला ठेवून घेता येत नाही, आणि २०२४ च्या नव्या कायद्यात कुवेतने रेसिडेन्सीचा धंदा करणं, रिन्यू करायला असे पैसे घेणं गुन्हा ठरवलंय. परराष्ट्र खात्याच्या मदद या तक्रार पोर्टलवर घरचा माणूसही तक्रार टाकू शकतो, तुम्हीच टाका, मुलाला तिथे उघडं पाडू नका. १८०० ११ ३०९० हा परदेशातल्या कामगारांच्या मदतीसाठीचा सरकारी टोल फ्री नंबर आहे. त्याच्या सिव्हिल आयडीचा (तिथलं ओळखपत्र), पासपोर्टच्या पहिल्या पानाचा आणि पैसे मागितल्याच्या मेसेजचा फोटो आजच मागवून घ्या, कारण उद्या मालकाने फोन काढून घेतला तर काहीच राहणार नाही. आणि इथला एजंट सोडवून आणतो म्हणून पैसे मागेल, त्याला देऊ नका.